सरकारी रुग्णालयातील क्लबफूट क्लिनिक : प्लास्टर, बूट आणि पुढची चार वर्षे

जन्मतःच पाऊल आत वळलेल्या बाळांसाठी आमच्या जिल्ह्यातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस क्लबफूट क्लिनिक भरते. माझ्या मुलाचे उजवे पाऊल असे होते. तो महिन्याचाही झालेला नसताना त्याला येथे पहिले प्लास्टर लागले, आणि आता त्याला चौथे वर्ष सुरू असले तरी ठरलेल्या तारखांना आम्ही तपासणीसाठी येथेच जातो. ज्यांच्या घरी असे बाळ जन्माला येते ते पालक ओळखीतून, आशाताईंकडून, नातेवाइकांकडून माझ्यापर्यंत पोहोचतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : तिथे प्लास्टर चांगले घालतात का? माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. प्लास्टरने पाऊल दीड-दोन महिन्यांत सरळ होते; ते सरळ राखण्याचे काम पुढे चार वर्षे घरात चालते, आणि क्लिनिक चांगले की सुमार हे त्या चार वर्षांत कळते. या कसोटीवर हे क्लिनिक मला उत्तम वाटले. ज्या उणिवा जाणवल्या त्याही खाली लिहीत आहे.

आधी आजाराविषयी थोडेसे. साधारण हजार जन्मांमागे एक ते दोन बाळांना हा दोष असतो, मुलींपेक्षा मुलग्यांत तो जवळपास दुप्पट आढळतो आणि सुमारे निम्म्या बाळांची दोन्ही पावले वळलेली असतात. टाच वर ओढलेली, तळवा आतल्या बाजूला वळलेला आणि पावलाची कमान खोल, असे त्याचे रूप असते. बाळाला त्याचा त्रास होत नाही, ते रडत नाही, आणि म्हणूनच ‘थोडे मोठे होऊ द्या, मग पाहू’ हा सल्ला घरच्यांना पटतो. आम्हालाही गावाकडच्या एका खासगी दवाखान्यात हेच सांगण्यात आले होते की, वर्षभराने ऑपरेशन करू. मालीश करणाऱ्या बाईंचे म्हणणे होते की, तेल लावून रोज पाऊल ओढले की ते आपोआप जागेवर येईल. काही बाळांचे पाऊल पोटात जागा कमी पडल्यामुळे नुसते मुडपलेले असते आणि ते हाताने सहज सरळ होते. त्या बाळांच्या बाबतीत मालीशवाल्या बाईंना यश आल्यासारखे दिसते. खरे क्लबफूट मात्र मालीशने सुटत नाही, आणि हा फरक तज्ज्ञाने पाऊल हातात घेतल्याशिवाय ठरत नाही.

क्लिनिकमधील पहिली तपासणी मला विशेष आवडली ती तिच्या नीटनेटकेपणामुळे. डॉक्टर मॅडमनी बाळाचे सगळे कपडे काढायला लावले. पावलाकडे जाण्याआधी त्यांनी दोन्ही मांड्या बाहेरच्या बाजूला उघडून खुब्याचे सांधे पाहिले, पाठीच्या कण्यावरून बोट फिरवून कमरेशी कुठे खळगा किंवा केसांचा पुंजका आहे का ते पाहिले, हातांची बोटे उघडून पाहिली. पाऊल वळलेले असण्यामागे मणक्याचा किंवा मज्जातंतूंचा दोष तर नाही ना, याची खातरी त्यांना करायची होती. त्यानंतर त्यांनी पावलाला गुण दिले : शून्य ते सहा अशी ती मोजपट्टी असते, सहा म्हणजे सर्वांत कडक पाऊल. हा आकडा कार्डावर लिहिला गेला आणि पुढे दर वेळी नवा आकडा त्याच रकान्यात उतरत गेला, त्यामुळे सुधारणा किती झाली हे आम्हाला कुणाला विचारावे लागले नाही. एक्स-रे मागितला नाही. इतक्या लहान बाळाच्या पावलातील बरीच हाडे अजून कूर्चेचीच असतात आणि ती एक्स-रेत उमटत नाहीत, असे त्यांनी आपणहून समजावले.

याच भेटीत समुपदेशक ताईंनी जे काम केले त्याला मी सर्वाधिक गुण देईन. माझ्यासोबत सासूबाई आणि नणंद होत्या, आणि घरात ग्रहणाचा विषय जन्मदिवसापासून निघत होता. गरोदरपणी ग्रहणात मी भाजी चिरली, पायावर पाय टाकून बसले, अशी चर्चा माझ्यासमोरच व्हायची. ताईंनी मला काही न विचारता थेट सासूबाईंना बसवून घेतले. ‘‘आजी, या खोलीत आज जितकी बाळं आहेत तितक्या आयांनी काय ग्रहणात भाजी चिरली असेल? बाळाचं पाऊल पोटात असतानाच वळतं. ते का वळतं, हे बहुतेक वेळा डॉक्टरांनासुद्धा सांगता येत नाही. आईनं काही केलं म्हणून होत नाही आणि आईनं काही टाळलं म्हणून थांबत नाही. तुम्ही आता एवढंच बघायचं, की रात्री बूट सुटता कामा नयेत.’’ सासूबाईंना दोष सोडायला सांगताना ताईंनी त्यांच्या हाती एक काम दिले, आणि ते काम त्यांनी आजवर मनापासून केले आहे. उपचार टिकणार की नाही हे घरातील ज्येष्ठ माणसावर किती अवलंबून असते, याची जाण असलेली माणसे तिथे बसवली आहेत, ही या सेवेची मोठी जमेची बाजू आहे.

आता प्लास्टरविषयी. ते दर आठवड्याला बदलतात, आणि आधीचे प्लास्टर घरून काढून आणू नका, असे येथे बजावून सांगतात. कारण ते निघाल्यावर काही तासांतच पाऊल पुन्हा आत वळू लागते आणि आठवड्याच्या कमाईतला काही भाग वाया जातो. ओपीडीला लागून असलेल्या छोट्या खोलीत कोमट पाण्याच्या टबांपाशी आया बाळांना मांडीवर घेऊन बसतात. प्लास्टर भिजले की पाणी दुधाळ होते, मग पट्टीचे टोक शोधून ती हळूहळू उलगडायची. आमच्या परिचारिका ताई प्लास्टर घालतानाच पट्टीच्या शेवटच्या टोकाला लहानशी घडी घालून ठेवत, म्हणजे पुढच्या वेळी ते लगेच सापडावे. करवतीचा आवाज नाही, त्यामुळे बाळाचा थरकाप नाही. आतून निघालेला पाय सुरकुतलेला, पांढुरका असतो, आणि प्लास्टरांच्या मधल्या त्या थोड्या वेळात त्याला पाण्याने स्वच्छ करता येते. आठवडाभर बाळाला नुसते पुसून काढणाऱ्या आईला त्या काही मिनिटांचे मोल कळते.

प्लास्टर घालताना दोन माणसे लागतात : एक पाऊल धरते, दुसरे कापूस आणि पट्टी गुंडाळते. येथे पाऊल नेहमी अनुभवी डॉक्टर धरतात आणि निवासी डॉक्टर पट्टी गुंडाळतात. शिकवणारे रुग्णालय असूनही हा क्रम मी कधी उलटलेला पाहिला नाही. मॅडमचा एक अंगठा घोट्याच्या बाहेरच्या बाजूला पुढे आलेल्या हाडावर टेकलेला असे, आणि दुसऱ्या हाताने त्या पावलाचा पुढचा भाग अगदी सावकाश बाहेरच्या दिशेला नेत. जोर दिसत नसे. बाळ बाटलीने किंवा अंगावर पीत असे आणि पुष्कळदा पिता पिता झोपून जाई. पहिले प्लास्टर पाहून मी गोंधळले होते, कारण त्यात पाऊल आणखीच आत वळल्यासारखे दिसत होते. त्याचे कारणही त्यांनी सांगितले : आधी कमान उतरवायची, मग पुढचा भाग आणि टाच बाहेर आणायची आणि वर ओढलेली टाच सर्वांत शेवटी खाली आणायची, हा क्रम चुकला तर पाऊल मधोमध मोडल्यासारखे सपाट होते. प्लास्टर मांडीपर्यंत असते आणि गुडघा काटकोनात वाकवलेला असतो. गुडघ्याखालीच संपणारे प्लास्टर बाळाच्या पायातून घसरते आणि पाऊल बाहेरच्या दिशेला धरूनही ठेवत नाही.

घरी जाताना दिलेल्या सूचना मोजक्या आणि नेमक्या होत्या. ‘‘रोज बोटं मोजा, पाची दिसली पाहिजेत. अंगठा दाबा, पांढरा होईल, सोडा, लगेच गुलाबी झाला पाहिजे.’’ बोटे आत गेलेली दिसली तर प्लास्टर घसरले आहे. बोटे निळी पडली, सुजली किंवा थंड लागली तर प्लास्टर घट्ट झाले आहे. दोन्ही प्रसंगी पुढच्या तारखेची वाट न पाहता निघून यायचे. या सूचना मराठीत, चित्रांसह छापलेल्या कार्डावर होत्या, आणि कार्ड देण्यापूर्वी ताईंनी त्या माझ्या यजमानांकडून तोंडी म्हणवून घेतल्या.

ज्या पद्धतीने हे सगळे चालते ती डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांची. स्पेनच्या मेनोर्का बेटावर १९१४ साली जन्मलेले हे डॉक्टर पुढे अमेरिकेत आयोवा विद्यापीठात काम करत होते. मोठ्या शस्त्रक्रियेने सरळ केलेली पावले वय वाढल्यावर ताठ आणि दुखरी होतात, हे पाहून त्यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून ही प्लास्टरची रीत बसवत नेली. वैद्यकीय जगाने तिच्याकडे अनेक दशके फारसे लक्ष दिले नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इंटरनेटवरून एकमेकांशी बोलू लागलेल्या पालकांनी आपल्या मुलांच्या पावलांची छायाचित्रे दाखवून तिचा प्रसार केला, त्यानंतर ती जगभर मान्य झाली. पोन्सेटी यांचा जन्मदिवस, ३ जून, आता जागतिक क्लबफूट दिन म्हणून पाळला जातो. पालकांनी पालकांना सांगण्याचे महत्त्व या इतिहासातच आहे, म्हणून तो येथे दिला.

साधारण पाच ते सात प्लास्टरांनंतर पाऊल बाहेर येते, पण बहुतेक बाळांची टाच तरीही वरच राहते. मग टाचेमागची जाड शीर बारीक छेद देऊन सोडवावी लागते. आमच्याकडे ‘ऑपरेशन’ या शब्दाने घर हादरले होते. प्रत्यक्षात जागेपुरती भूल देऊन ते काही मिनिटांत झाले, टाका घालावा लागला नाही आणि लगेच शेवटचे प्लास्टर चढले. ते तीन आठवडे ठेवतात, कारण तेवढ्या काळात शीर पुन्हा जुळून वाढते आणि आता ती लांब झालेली असते. प्लास्टरवर टाचेशी रक्ताचा लहान डाग दिसेल, तो वाढत गेला तरच कळवा, असे आधीच सांगून ठेवल्यामुळे रात्री तो डाग दिसला तेव्हा आम्ही घाबरलो नाही.

शेवटचे प्लास्टर निघाले त्या दिवशी पाऊल इतके सुरेख सरळ होते की घरच्यांच्या मते उपचार संपला होता. उपचाराचा लांबचा टप्पा मात्र त्याच दिवशी सुरू होतो, आणि क्लिनिकची खरी किंमत मला येथून पुढे कळली. दांड्याला जोडलेले दोन बूट असतात. एकच पाऊल वळलेले असले तरी बूट दोन्ही पायांत घालायचे. वळलेले पाऊल साठ ते सत्तर अंश बाहेर आणि चांगले पाऊल तीस ते चाळीस अंश बाहेर, मध्ये खांद्यांच्या रुंदीइतका दांडा. पहिले तीन महिने दिवसातून तेवीस तास, फक्त अंघोळ-मालिशीपुरते काढायचे. त्यानंतर रात्री आणि दुपारच्या झोपेत, म्हणजे रोज बारा ते चौदा तास, मूल चार-पाच वर्षांचे होईपर्यंत. पाऊल पुन्हा वळण्याचे सर्वांत मोठे कारण हे बूट मध्येच सोडून देणे हेच आहे, आणि ही गोष्ट येथील प्रत्येक माणूस, अगदी केसपेपर लावणारे कर्मचारीसुद्धा, सांगतो.

आम्हाला मिळालेले बूट स्टीनबीक पद्धतीचे होते. युगांडात स्थानिक साहित्यातून स्वस्तात तयार करता यावेत म्हणून ही रचना विकसित झाली आणि आपल्याकडच्या क्लिनिकांतही ती वापरली जाते. वस्तू म्हणून सांगायचे तर हे बूट दिसायला ओबडधोबड, पण विचारपूर्वक केलेले आहेत. बोटांकडून ते उघडे असतात, त्यामुळे बोटे पुढे सरकली की लगेच कळते. टाचेशी एक भोक असते. टाच नीट खाली बसली आहे का, हे त्यातून पाहायचे असते. मधला पट्टा आधी आवळायचा, मग नाडी. नाडी आधी बांधली तर टाच वर सरकते आणि रात्रभरात फोड येतो. आत सुती मोजे हवेतच. चामडे सुरुवातीला कडक वाटते आणि पावसाळ्यात ते वाळवताना बराच वेळ जातो, हे त्याचे उणे. दांडा उघडा लोखंडी असतो. त्यावर आम्ही जुन्या गोधडीचा तुकडा शिवून टाकला, नाहीतर बाळ पाय आपटते तेव्हा शेजारी झोपलेल्याला लागते.

पहिल्या काही रात्री बाळ खूप रडले. दोन्ही पाय एकत्र बांधलेले असल्यामुळे त्याला एकेक पाय झाडता येईना. ताईंनी शिकवले होते त्याप्रमाणे दांडा धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवायचे, एकदम सरळ करायचे, हा खेळ आम्ही दिवसा करत राहिलो आणि मग ते त्याला जमू लागले. याच काळात क्लिनिकमधून फोन आला. बूट किती तास घालता, टाच भोकातून दिसते का, फोड आहे का, असे साधे प्रश्न होते. पण दूरच्या तालुक्यातील घराला कुणीतरी आपणहून विचारते आहे, याचा परिणाम मोठा होतो. एकदा तारखेला आम्ही पोहोचू शकलो नाही, तेव्हाही दुसऱ्याच दिवशी फोन आला. खासगी ठिकाणी भरपूर पैसे मोजणाऱ्या परिचितांना असा पाठपुरावा मिळाल्याचे मी ऐकलेले नाही. एक वर्षाच्या आसपास माझा मुलगा बोट धरून उभा राहिला आणि इतर मुलांबरोबरीनेच चालू लागला. त्याची उजवी पोटरी डावीपेक्षा किंचित बारीक आहे आणि पाऊल थोडे लहान आहे. हे असे राहणार, याने धावण्या-खेळण्याला अडचण येत नाही, हे पहिल्याच महिन्यात सांगितले गेले होते. पुढेमागे चालताना पाऊल आत झुकू लागले तर पुन्हा काही प्लास्टरे किंवा पायाच्या पुढच्या बाजूच्या एका स्नायूची जागा बदलण्याची शस्त्रक्रिया लागू शकते, हेही त्यांनी लपवले नाही.

आता उणिवा. केसपेपरची खिडकी सर्व विभागांसाठी एकच आहे आणि तान्ह्या बाळांना वेगळी रांग नाही. सकाळच्या एसटीने आलेली बाळंतीण कडेवर प्लास्टरचे मूल घेऊन त्या रांगेत तासन्‌तास उभी राहते, हे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. बाळाला पाजण्यासाठी आडोसा नाही. क्लिनिकच्या दिवशी सरकारी सुट्टी आली तर पर्यायी दिवस जाहीर होत नाही, आणि प्लास्टरच्या टप्प्यात असा एक आठवडा हुकणे म्हणजे वाढत्या पायावर जुने प्लास्टर राहणे. सर्वांत गंभीर तक्रार बुटांच्या मापाची आहे. मुलाचे पाऊल वाढल्यावर पुढचे माप एकदा शिल्लक नव्हते, आणि ते येईपर्यंत बोटे बुटाच्या कडेबाहेर येत असताना जुन्याच बुटांवर भागवावे लागले. जे क्लिनिक बूट एक रात्रही चुकवू नका म्हणते, त्याने मापांचा साठा आधीच करून ठेवला पाहिजे. मी हे लेखी कळवले आहे आणि त्यानंतर पुढच्या मापाची नोंद आधीच्या भेटीत घेण्याची पद्धत सुरू झाली आहे, हे नमूद केले पाहिजे.

खर्चाचे म्हणाल तर प्लास्टर, शीर सोडवणे आणि बूट यांसाठी आम्हाला काहीही द्यावे लागले नाही. जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी किंवा रजा हाच खरा खर्च. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे. प्रसूती झाली त्या ठिकाणी किंवा आशाताईंच्या घरभेटीत दोष लक्षात आला की तेथूनच पुढे पाठवण्याची चिठ्ठी मिळते, आणि अंगणवाडीत येणारे तपासणी पथकही अशा मुलांची नोंद घेते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पोहोचणे उत्तम. मात्र चालू लागलेल्या मुलांनाही येथे याच पद्धतीने प्लास्टर घालताना मी पाहिले आहे, त्यामुळे उशीर झाला म्हणून कुणी घरी बसू नये. जाताना जन्माची कागदपत्रे, दोन-तीन दुपटी, मोठ्या घेराचे चड्डी-झबले आणि पाजण्याची सोय घेऊन जावे, प्लास्टरच्या आधी बाळाला पोटभर पाजू नये, ऐन वेळी पाजता आले म्हणजे ते शांत राहते. आणि दुसऱ्या जिल्ह्यातील पालकांनी आपल्याकडच्या क्लिनिकची निवड करताना तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात : पाऊल कोण धरणार, बुटांचे पुढचे माप कुठून मिळणार, आणि आम्ही एका तारखेला आलो नाही तर तुम्ही आम्हाला फोन करणार का.